कॉन्फरन्स बदलली की पोहणाऱ्याचं काय बदलतं?

प्रश्न असा आहे: मुलगी अमेरिकेत अकरावीत शिकते, २०० यार्ड बॅकस्ट्रोक आणि ४०० यार्ड मेडली (चारही शैली एकामागून एक) या तिच्या मुख्य शर्यती. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि ॲरिझोनातले कोच संपर्कात आहेत. २०२४ मध्ये पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, फुटली आणि विद्यापीठं इकडची तिकडे गेली. याचा पोहण्याच्या संघांवर खरा परिणाम काय झाला आणि कॉलेज निवडताना त्याला किती वजन द्यायचं?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. कॉन्फरन्सच्या नावाला फार वजन देऊ नका. दोन आकडे शोधा. त्या कॉन्फरन्सच्या फेब्रुवारीतल्या स्पर्धेत तुमच्या मुलीच्या शर्यतीत चोविसाव्या क्रमांकाला कोणती वेळ लागली, हा पहिला. पुढच्या तीन वर्षांत त्या संघात किती जागा असणार, हा दुसरा. विमानप्रवास, जुन्या चुरशी, टीव्हीचे करार यांची चर्चा मोठी होते, पण पोहणाऱ्याचं रोजचं आयुष्य बदलतं ते या दोन आकड्यांमुळे.

कोण कुठे गेलं ते पोहण्याच्या बाजूने पाहू, कारण बातम्यांमधल्या याद्या फुटबॉलच्या असतात. बिग टेन, एसीसी, बिग १२ आणि एसईसी या बाकीच्या मोठ्या कॉन्फरन्स. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, पण ओरेगनकडे पोहण्याचा संघ नाही आणि वॉशिंग्टनने तो २००९ मध्येच बंद केला. कोलोराडोकडे नाही, ओक्लाहोमाकडेही नाही. म्हणून पोहण्यापुरती खरी हालचाल एवढीच: लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांपैकी यूएससीचे (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) दोन्ही संघ आणि यूसीएलएचा महिला संघ बिग टेनमध्ये गेले (यूसीएलएचा पुरुष संघ १९९४ मध्येच बंद झाला). स्टॅनफर्ड, कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली) आणि डॅलसचं एसएमयू एसीसीमध्ये गेले. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये, तर टेक्सस एसईसीमध्ये. त्याच्या एक वर्ष आधी, २०२३ मध्ये, बीवाययू (युटामधलं ब्रिगम यंग विद्यापीठ), सिनसिनाटी आणि ह्युस्टन बिग १२ मध्ये आले होते. ह्युस्टनकडे फक्त महिलांचा संघ आहे.

मागे उरले वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. ओरेगन स्टेटने महिलांचा संघ २०१९ मध्ये बंद केला होता. म्हणजे जुन्या पॅक-१२ मध्ये पोहणारा एकच संघ राहिला, वॉशिंग्टन स्टेटच्या मुलींचा. त्यांच्याशी पोहायला त्यांच्याच कॉन्फरन्समध्ये कुणी नव्हतं, दुसऱ्या कॉन्फरन्सचा आसरा घ्यावा लागला. या सगळ्या उलथापालथीत पोहण्याचा विचार कुठल्या टेबलावर झाला नव्हता, हे यातून स्वच्छ दिसतं.

आता प्रवासाबद्दल, कारण पालक सगळ्यात आधी तेच विचारतात. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलला कॉन्फरन्स सामन्यांचं वेळापत्रक आखून देते, दर आठवड्याला कुठे ना कुठे उडावं लागतं. पोहण्यात तसं नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या ड्युअल मीट, म्हणजे दोन संघांमधल्या लढती, कोच स्वतः ठरवतो. स्टॅनफर्ड आणि कॅल आजही एकमेकांविरुद्ध पोहतात, यूएससी आणि यूसीएलएच्या मुलीही. कॅलने यूएससीला बोलवायचं ठरवलं तर कॉन्फरन्स वेगळी झाली म्हणून अडत नाही. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम तर पुन्हा एकाच कॉन्फरन्समध्ये आले. चुकवता येत नाही अशी कॉन्फरन्सची स्पर्धा वर्षातून एकच, फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली. त्यामुळे प्रवासाचा बोजा वर्षभर पसरत नाही, एका आठवड्यात एकवटतो. म्हणून तो हलका आहे असं मात्र समजू नका. तो पडतो तो नेमका वर्षातल्या सगळ्यात नाजूक आठवड्यात.

त्या आठवड्याचं गणित नीट समजून घ्या.

मोठ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत सकाळी हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, होतात आणि संध्याकाळी तीन फायनल: ए, बी आणि सी, प्रत्येकी आठ जणी. म्हणजे चोवीस जणी दुसऱ्यांदा पाण्यात उतरतात. गुण पहिल्या क्रमांकापासून असे: ३२, २८, २७, २६, २५, २४, २३, २२, बी फायनलला २०, १७, १६, १५, १४, १३, १२, ११, सी फायनलला ९, ७, ६, ५, ४, ३, २, १. रिलेचे गुण दुप्पट. एका खेळाडूला जास्तीत जास्त तीन वैयक्तिक शर्यती आणि चार रिले.

समजा एखादी मुलगी २०० बॅकस्ट्रोकमध्ये सकाळी बाविसावी येते. संध्याकाळी सी फायनल आणि किमान १ गुण नक्की, तिथे चांगली पोहली तर ९ पर्यंत. पुढच्या वर्षी कॉन्फरन्समध्ये एक ताकदवान संघ येतो आणि त्याच्या चौघी या शर्यतीत तिच्या पुढे असतात. तीच मुलगी, तीच वेळ, आता सव्विसावी. शून्य गुण, आणि त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी पोहणंच नाही. वर्षभर वाट पाहिलेली विश्रांती, अंगावरचे केस काढणं, नवा रेसिंग सूट, हे सगळं सकाळच्या एका शर्यतीत संपलं. संध्याकाळी साधारणतः वेळ सुधारते, कारण अंग मोकळं झालेलं असतं, शेजारच्या लेनमध्ये बरोबरीचं कुणी असतं, प्रेक्षकांचा जोर असतो. ती सुधारणा करायची संधीच गेली. आणि एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या, राष्ट्रीय स्पर्धेसाठी लागणारी वेळ बहुतेक जणींना मिळते ती याच संध्याकाळी.

राष्ट्रीय स्पर्धेत जागा मोजक्या आहेत: महिलांमध्ये २८१ पोहणाऱ्या, पुरुषांमध्ये २३५. २०२५ पर्यंतच्या नियमात ए दर्जाची, म्हणजे ठरवून दिलेली सगळ्यात वेगवान, वेळ केली की थेट प्रवेश होता, बाकीच्या जागा त्याखालच्या बी दर्जाची वेळ असलेल्यांमधून देशभरच्या क्रमवारीनुसार वरून खाली भरत जायच्या. ती क्रमवारी वेळेची आहे, कॉन्फरन्सची नाही. म्हणून कमकुवत कॉन्फरन्समध्ये जिंकून तेव्हा फारसं साधत नव्हतं आणि मजबूत कॉन्फरन्समध्ये अकरावं येऊनही राष्ट्रीय स्पर्धेला जाता येतं. फरक पडतो तो दुसऱ्यांदा पोहायला मिळतं की नाही यात.

म्हणून संघांची संख्या बघा. एसीसीत महिलांचे संघ १२ वरून १५ झाले, पुरुषांचे ११ वरून १४. बिग टेनमध्ये महिला १२ वरून १४, पुरुष ८ वरून ९. एसईसीत महिला १२ वरून १३, पुरुष १० वरून ११. पण नुसती संख्या फसवते. एसईसीत फक्त एक संघ वाढला, पण तो टेक्सस. पहिल्याच हंगामात, फेब्रुवारी २०२५ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्सला, टेक्ससच्या पुरुषांनी फ्लोरिडाची सलग बारा विजेतेपदांची मालिका तोडली. एसीसीत कॅलच्या पुरुषांनी पहिल्याच वर्षी ग्रीन्सबरोला विजेतेपद घेतलं. या दोन संघांच्या मागे जे सतराव्या ते चोविसाव्या क्रमांकात पोहायचे, त्यांच्यावर काय वेळ आली याची बातमी कुणी छापत नाही. कॉन्फरन्स बदलाची खरी किंमत त्या आठ लेननी मोजली.

उलट बाजूही आहे. बिग १२ मधून टेक्सस बाहेर पडलं. त्या कॉन्फरन्सच्या स्थापनेपासून पुरुषांचं एकेक विजेतेपद टेक्ससचंच होतं, आणि काही वर्षं तर पुरुषांचे संघच तीन होते: टेक्सस, टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) आणि वेस्ट व्हर्जिनिया. आता तिथे पुरुषांचे सात आणि महिलांचे दहा संघ आहेत. मधल्या फळीतल्या खेळाडूला आज बिग १२ मध्ये सी फायनलपर्यंत पोहोचणं एसईसीपेक्षा पुष्कळ सोपं आहे. आणि दर्जा कमी म्हणावा तर २०२४ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला ॲरिझोना स्टेटचा पुरुष संघ तिथेच गेला. तुमच्या मुलीला ॲरिझोनातून बोलावणं असेल तर ते "खालच्या" कॉन्फरन्सचं म्हणून बाजूला ठेवू नका.

हे स्वतः तपासायला फार वेळ लागत नाही. त्या कॉन्फरन्सच्या गेल्या दोन वर्षांच्या स्पर्धेचे पूर्ण निकाल काढा, ते सगळ्यांना खुले असतात. मुलीच्या प्रत्येक शर्यतीत सकाळच्या हीटमधली आठवी, सोळावी आणि चोविसावी वेळ लिहून घ्या. फायनलमधल्या वेळा घेऊ नका, तिथे सगळे जास्त वेगाने पोहतात आणि गोंधळ होतो. मग मुलीची यार्डमधली सर्वोत्तम वेळ शेजारी लिहा. चोविसाव्या वेळेच्या जवळ असेल तर पहिल्या वर्षी धडपड, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुण, असा अंदाज बांधता येतो. चोविसाव्यापासून फार दूर असेल तर कोचला सरळ विचारा की पहिल्या वर्षी तिला कॉन्फरन्सला नेणार का. सगळ्यांना नेत नाहीत. प्रत्येक कॉन्फरन्स गुण मिळवणाऱ्या खेळाडूंची संख्या ठरवून देते. राष्ट्रीय स्पर्धेत ती एका संघाला १८ आहे आणि तिथे डायव्हर, म्हणजे फळीवरून सूर मारणारा खेळाडू, अर्धा मोजला जातो. आणखी एक गोष्ट: त्याच शर्यतीत त्या संघात आधीच किती जणी आहेत आणि त्यातल्या किती पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडतायत, तेही मांडा. वेळ सारखी असली तरी तीन बॅकस्ट्रोकवाल्या सीनियर बाहेर पडणारा संघ तुमच्यासाठी वेगळा.

महाराष्ट्रातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या तलावातली वेळ रूपांतर करून शेजारी ठेवली तर ती थोडी फसवी असते. कॉलेजचा हंगाम २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात असतो. २०० यार्डांत सात वळणं येतात, लांब तलावातल्या २०० मीटरमध्ये तीन. भिंत सोडल्यावर पाण्याखाली १५ मीटरपर्यंत राहता येतं, म्हणजे बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये अर्ध्याहून जास्त शर्यत पाण्याखाली डॉल्फिन किकवर होऊ शकते. ज्याची किक कच्ची त्याची खरी यार्डमधली वेळ रूपांतरित वेळेपेक्षा मंद निघते. कोचला हे ठाऊक असतं, म्हणून वळणांचा आणि पाण्याखालचा व्हिडिओ पाठवा, नुसती वेळ नको.

आता टेपर. टेपर म्हणजे मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे सराव उतरवत नेणं, म्हणजे साचलेला थकवा निघून जातो आणि वेग वर येतो. कॉलेजच्या हंगामात तीन टोकं असतात: नोव्हेंबर-डिसेंबरमधली एखादी निमंत्रितांची स्पर्धा, फेब्रुवारीतली कॉन्फरन्स आणि मार्चच्या उत्तरार्धातली राष्ट्रीय स्पर्धा. कॉन्फरन्स आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्यात तीन ते पाच आठवडे. पूर्ण टेपर दोनदा लागोपाठ लागत नाही, मधल्या काळात पुन्हा पाया भरायला वेळ अपुरा पडतो.

बलाढ्य संघ दुबळ्या कॉन्फरन्समध्ये असला की कोच आपले तारे अर्धवट विश्रांतीवर पोहवतो, जिंकतो आणि खरा वेग मार्चसाठी राखतो. कॉन्फरन्स कडक झाली की ही चैन परवडत नाही. टेक्ससला एसईसीत बिग १२ सारखं राखून पोहता येत नाही. तरीही कोच बॉब बोमन यांच्या पहिल्या वर्षी टेक्ससच्या पुरुष संघाने फेब्रुवारीत एसईसी आणि मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वेला राष्ट्रीय विजेतेपद, दोन्ही घेतली. पण ते प्रत्येक संघाला जमत नाही. ज्यांची राष्ट्रीय स्पर्धेची वेळ आधीच पक्की त्यांना कमी विश्रांती, ज्यांची नाही त्यांना पूर्ण, असा एकाच संघात दुहेरी आराखडा लागतो. तो बिघडतो तेव्हा चूक सहसा एकच असते: काठावरच्या खेळाडूला ताऱ्यांच्याच आराखड्यावर ठेवलेलं असतं. ती फेब्रुवारीत जड पोहते, वेळ हुकते आणि मार्चमध्ये घरी बसते. कोचला भेटाल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा: काठावरच्या मुलींचा टेपर वेगळा असतो का? उत्तर देताना तो नावं-वेळा घेऊन बोलतो की गोलगोल, यावरून पुष्कळ कळतं.

प्रवासाचा शरीरावरचा परिणाम याच आठवड्यात दिसतो. बर्कलीहून ग्रीन्सबरोला जायचं म्हणजे तीन तासांचा कालफरक, आणि तोही पूर्वेकडे, जो शरीराला जास्त जड जातो. तिथे हीट सकाळी दहाला असेल तर कॅलिफोर्नियाच्या घड्याळात सात. वॉर्म-अप आठला, म्हणजे शरीरासाठी पहाटे पाच. नाश्ता पचायला हवा म्हणून सव्वासहाला उठायचं, म्हणजे शरीराच्या हिशेबाने सव्वातीन. त्या वेळी शरीराचं तापमान तळाला असतं, स्नायू आखडलेले असतात, भूक नसते. घसा कोरडा असताना ओट्सचे चार चमचेही उतरत नाहीत, मग मुलगी केळं खाऊन तलावावर जाते आणि ४०० मेडलीच्या ब्रेस्टस्ट्रोकला पाय संपतात. दोष सरावाला दिला जातो, चुकलेलं असतं घड्याळ.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. निघण्याआधी चार-पाच दिवस झोप आणि उठणं रोज अर्धा-पाऊण तास अलीकडे आणायचं, सकाळचा सरावही त्याप्रमाणे. तीन तासांच्या फरकासाठी स्पर्धेच्या पहिल्या दिवसाच्या आधी निदान पूर्ण दोन दिवस तिथे पोहोचायचं, तीन मिळाले तर उत्तम. पोहोचल्यावर सकाळी उन्हात चालायचं, दुपारी वीस मिनिटांपेक्षा जास्त झोपायचं नाही. विमानात दर तासाला उठायचं आणि पाणी पीत राहायचं, कारण टेपरमधल्या पायांना पाच तास दुमडून बसणं मानवत नाही. वॉर्म-अप नेहमीपेक्षा दहा मिनिटं लांब ठेवायचा आणि त्यातला काही भाग पाण्याबाहेर. ज्या संघांकडे पैसा आहे ते हे सगळं करतात. ज्यांच्याकडे नाही ते एक रात्र वाचवायला आदल्या दिवशी उतरतात. त्यामुळे "किती दिवस आधी पोहोचता?" हा प्रश्न खरं तर बजेटचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कोच लपवू शकत नाही.

अभ्यासाचंही इथेच बघा. पाच दिवसांची स्पर्धा, आधीचे दोन-तीन दिवस आणि परतीचा एक धरला तर आठवडा पुरा जातो. बर्कली आणि यूएससीत सेमिस्टर आहे, तिथे निभावतं. स्टॅनफर्ड आणि यूसीएलएत दहा आठवड्यांचं क्वार्टर आहे, म्हणजे त्या एका स्पर्धेत अभ्यासक्रमाचा दहावा हिस्सा गेला, आणि मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा क्वार्टरच्या परीक्षांवर येते. परीक्षा संघाबरोबर आलेल्या पर्यवेक्षकासमोर हॉटेलच्या खोलीत द्यायची सोय असते, पण प्रयोगशाळेचं काम हॉटेलात होत नाही. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलपूर्व अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलांनी लॅब असलेले विषय शक्यतो शरद ऋतूतच घ्यावेत. एनसीएएची आठवड्याला वीस तासांची मर्यादा इथे उपयोगी पडत नाही. स्पर्धेचा दिवस, कितीही लांबला तरी, त्यात तीन तासच धरतात आणि प्रवासाचे तास मोजतच नाहीत.

बिग टेनची आणखी एक गोम: पुरुष आणि महिलांच्या स्पर्धा वेगवेगळ्या आठवड्यांत घेण्याची तिथली रीत आहे. यूएससीसारख्या संघाला त्यामुळे दोनदा लांबचा प्रवास, आणि एकत्र सराव करणाऱ्या संघातले निम्मे प्रशिक्षक एक आठवडा गायब. एसीसी आणि एसईसीत दोन्ही एकत्र होतात, ते मला जास्त सोयीचं वाटतं.

दोन गोष्टी मात्र कॉन्फरन्सने बदलत नाहीत. डायव्हर राष्ट्रीय स्पर्धेला भौगोलिक झोनच्या स्पर्धांमधून जातात, झोन पाच आहेत. स्टॅनफर्डची डायव्हर एसीसीत पोहोचली म्हणून तिचा झोन अटलांटिक किनाऱ्यावर गेला नाही. दुसरं म्हणजे उंचीची सूट. युटा आणि बीवाययूचे तलाव समुद्रसपाटीपासून १४०० मीटरच्या आसपास आहेत. ३००० फुटांहून (सुमारे ९१४ मीटर) उंचावरच्या तलावात २०० यार्ड आणि त्याहून लांब शर्यतींच्या वेळांतून ठरलेले सेकंद वजा होतात, ५० आणि १०० ला काही सूट नाही. बिग १२ मध्ये गेलेल्या समुद्रसपाटीवरच्या लांब पल्ल्याच्या खेळाडूने जानेवारीत तिथे ड्युअल मीट पोहताना घाबरू नये. १००० यार्डांना शेवटच्या तीनशेत दम लागणार, सुरुवातच थोडी संथ ठेवायची.

आता पैसा, कारण दुसरा आकडा, संघातल्या जागा, इथून येतो.

स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीत गेले ते अर्धपोटी. पहिली सात वर्षं त्यांना टीव्हीच्या उत्पन्नाचा ३० टक्केच वाटा मिळणार, आठव्या वर्षी ७०, नवव्या वर्षी ७५ आणि दहाव्या वर्षी पूर्ण. एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा वाटाच सोडला. म्हणजे प्रवासाचा खर्च वाढला तेव्हाच उत्पन्न आवळलं. यूसीएलए बिग टेनला गेल्याने कॅलचं नुकसान झालं म्हणून यूसीएलएने कॅलला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवलं.

त्यात जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या खटल्याची, तडजोड मंजूर झाली. विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. पोहण्याच्या बाजूने दोन गोष्टी झाल्या. पूर्वी पुरुषांच्या संघाला ९.९ आणि महिलांच्या संघाला १४ स्कॉलरशिपची कमाल मर्यादा होती, त्या तुकडे करून वाटल्या जायच्या. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांमध्ये ती मर्यादा गेली आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली: पुरुष ३०, महिला ३०. एसईसीने पुरुषांसाठी स्वतःची त्याहून कडक, २२ ची मर्यादा ठेवली. कागदावर तीसच्या तीस जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. प्रत्यक्षात पैसा नसेल तर कुणी देत नाही, पण संख्येची मर्यादा मात्र पाळावीच लागते. पूर्वी स्वतःच्या खर्चाने, हळूहळू वर येणारी मुलं संघात असायची, पहिल्या वर्षी कुठेच नाहीत आणि चौथ्या वर्षी बी फायनलला. त्यांची जागा सगळ्यात आधी गेली. पोहण्यात मुलं उशिरा फुलतात, विशेषतः मुलगे. या खेळाचं यात फार मोठं नुकसान झालं आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि संघ बंदही पडतात. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये दोन्ही पोहण्याचे संघ बंद केले आणि कारणांमध्ये याच तडजोडीचा उल्लेख केला. मोठ्या कॉन्फरन्सचा पैसा आला की पोहणं वाचतं, असं समजणाऱ्यांनी मेरीलँड आठवावं. २०१२ मध्ये त्यांनी पोहण्यासह सात संघ पैशाअभावी बंद केले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिग टेनला जाण्याची घोषणा केली, तीही उत्पन्नासाठीच. पोहण्याचे संघ परत आले नाहीत. बिग टेनमध्येच मिशिगन स्टेटने २०२० मध्ये दोन्ही संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं, आयोवाने पुरुषांचा बंद केला. आयोवाच्या मुलींचा संघ वाचला तो टायटल नाइन, म्हणजे शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणाऱ्या, कायद्याखाली मुली कोर्टात गेल्या म्हणून.

संघ किती सुरक्षित आहे हे बाहेरून ओळखायच्या काही खुणा आहेत. फुटबॉलच्या वरच्या विभागातल्या विद्यापीठाला निदान १६ खेळ चालवावे लागतात, बाकीच्यांना १४. ज्याच्याकडे २० हून जास्त आहेत त्याला कापायला वाव आहे, ज्याच्याकडे नेमके १६ आहेत त्याला नाही. पोहण्याच्या कोचचं किंवा डायव्हिंग कोचचं पद कुणी दात्याने कायमस्वरूपी निधी देऊन उभं केलं आहे का, ते बघा. तलाव खेळ विभागाच्या मालकीचा आहे की विद्यार्थ्यांच्या सामायिक व्यायामशाळेचा, ते बघा. भाड्याने घेतलेला तलाव ही वाईट खूण. फक्त पुरुषांचा संघ असेल तर धोका जास्त, फक्त महिलांचा असेल तर टायटल नाइनमुळे तुलनेने कमी. डायव्हिंगचं पद दोन वर्षं रिकामं असेल तर बजेट आटतंय असं समजा.

तुमच्या मुलीला आता कोच थेट बोलू शकतात, दहावीनंतरच्या १५ जूनपासून ती मुभा आहे. फोनवर हे विचारा: यंदा संघात किती जणी आहेत आणि तिच्या वर्षी किती घेणार, तीस पूर्ण भरता की कमी ठेवता, जागा कमी करायची वेळ आली तर कोण जातं, मदतीची रक्कम किती वर्षांसाठी लिहून देता. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. खेळाडूला विद्यापीठाशी बांधणारं जुनं राष्ट्रीय आशयपत्र (नॅशनल लेटर ऑफ इंटेंट) २०२४ मध्ये रद्द झालं, आता बंधन येतं ते आर्थिक मदतीच्या करारातून. तो एक वर्षाचा आहे की चार वर्षांचा, संघ बंद झाला किंवा जागा कापली तर मदत चालू राहते का, हे त्या कागदावर वाचा. तोंडी आश्वासन देणारा कोच प्रामाणिक असू शकतो, पण तोच दोन वर्षांनी दुसरीकडे गेलेला असू शकतो. कॉन्फरन्सबरोबर कोचही हलतात. बोमन स्वतः राष्ट्रीय विजेतेपदानंतर काही दिवसांत ॲरिझोना स्टेटहून टेक्ससला गेले.

भारतातून एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांनी एक कागद वेगळा ठेवावा. स्कॉलरशिपला व्हिसाची अडचण नाही. विद्यापीठाकडून मिळणारा उत्पन्नाचा वाटा किंवा जाहिरातीचे पैसे मात्र नोकरीच्या नियमांत अडकू शकतात. त्यावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या. कोचला विचारून भागणार नाही, ते त्याचं काम नाही.